एका मांडीचा कौल

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याला एक मांडी आठवते. मला आठवते असं म्हणत नाही, कारण माझ्या डोक्याला मी बऱ्याच गोष्टी विसरायला लावल्या आहेत आणि ते बिचारं ऐकतं. अंगठा ऐकत नाही. कणीक तिंबताना तो मध्येच थांबतो आणि एका जागी दाबून बघतो, आत काही कडक लागतंय का. एकदा दुपारी नवरा आडवा झाला होता, तेव्हा मी नकळत त्याच्या मांडीवर तसाच अंगठा टेकवला. तो आधी हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला आणि काही न विचारता कूस बदलून झोपला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माहेर फोंडाघाटचं, शिक्षण घाट चढून कोल्हापूरला, आणि लग्न होऊन खाली समुद्रावर आले. मालवणच्या बाजारात दोन खोल्यांचा दवाखाना चालवते. लोक मला डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला मी प्रत्येकाला दुरुस्त करायची, मग कंटाळून सोडून दिलं. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे गुडघेदुखीवाले म्हातारे आणि उरलेले बहुतेक कबड्डीवाले. आमच्या किनाऱ्यावर वाडीगणिक एक संघ आहे. पोरं सकाळी रापण ओढतात, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून समुद्रातलं लांबलचक जाळं दोराने खेचतात, आणि संध्याकाळी त्याच वाळूत कबड्डी खेळतात. दोन्हीकडे काम मांडीचं.

मांडीला समोरच्याचा गुडघा बसला की पुढचे स्नायू आतल्या हाडावर चिरडतात. रक्त आतल्या आत साचतं. बाहेरून पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. काळंनिळं उमटतं ते दोन-तीन दिवसांनी, आणि तेही खाली गुडघ्याजवळ, रक्त उतरत जातं तसं. आपल्याकडे याला मुका मार म्हणतात आणि तिथेच घोडं अडतं. कोपर खरचटलं तर माणूस पट्टी मागतो. मांडीच्या आत वाटीभर रक्त साचलं तर म्हणतो, मुको मार आसा, चोळल्यार जातलो.

या चोळण्यावरून मी आयुष्यात जेवढी भांडले तेवढी सासरी भांडले नसेन. दुखापत घेऊन कोणी दारात आला की नाव विचारायच्या आधी मी विचारते, "चोळून घेतलंस काय?" तो मान खाली घालतो. मग कळतं की आईने, आत्येने, नाहीतर शेजारच्या कोणीतरी कोमट खोबरेल लावून अर्धा तास रगडलं आहे. आतली बारीक रक्तवाहिनी कुठे बंद व्हायला आलेली असते, ती पुन्हा उघडते. कधीकधी तर त्या साचलेल्या रक्ताचं पुढे मांसातच हाड होतं. एका खलाशाच्या मांडीत असं वीतभर हाड झालेलं मी एक्स-रेमध्ये पाहिलं आहे. त्याच्या आईला तो एक्स-रे मी खिडकीला धरून दाखवला, तर ती म्हणाली, "मगे आणखी चोळूक व्हया होता."

माझं औषध साधं आहे आणि म्हणूनच लोकांना ते औषध वाटत नाही. पहिल्या दिवशी गुडघा जमेल तेवढा वाकवून घट्ट पट्टी बांधायची, म्हणजे स्नायू ताणलेला राहतो आणि आत रक्ताला जागा मिळत नाही. बर्फ लावायचा. तेल नाही, शेक नाही, दारू नाही. बर्फ मी बंदरावरून आणते, मासळीसाठी फोडतात तोच. माझ्या दवाखान्याला बांगड्याचा वास येतो म्हणून लोक हसतात. हसू देत.

ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तारकर्लीच्या बाजूचा, बापासोबत रापणीवर जाणारा, आणि आमच्या भागातला सगळ्यात चांगला चढाई करणारा. शेजारच्या गावात सरावाचा सामना होता, तिथे त्याच्या डाव्या मांडीला गुडघा बसला. मित्राने त्याला मोटरसायकलवरून आधी घरी आणि तिथून माझ्याकडे आणलं. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "नाय मॅडम. आई तेल घेऊन इली होती. तिका सांगलंय, मॅडम मारतली."

एवढा ऐकणारा पेशंट मला त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. गुडघा वाकवून पट्टी बांधली तर तो तसाच बसून राहिला, एकदाही सोडली नाही. बर्फ दर दोन तासांनी म्हटलं तर घड्याळ लावून दर दोन तासांनी. पायावर भार देऊ नको म्हटलं तर बाथरूमपर्यंत भावाच्या खांद्यावर हात टाकून गेला. रोज सकाळी दहाला दवाखान्यात हजर. शेवटच्या पायरीवर थांबून तो आधी चपला काढायचा, मग कुबडी भिंतीला टेकवायचा, मग आत यायचा. मी त्याला चिडवायची, "अरे, देवळात येतंस काय?" तो हसायचा. सांगितलेलं ऐकायचं एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि खेळू नको असं मी सांगितलं असतं तर त्याने तेही ऐकलं असतं. हे वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही.

अडचण एकच होती. मार बसल्यापासून तेराव्या दिवशी गावच्या जत्रेचे सामने होते. दरवर्षीच असतात, पण त्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या संघासाठी खेळाडू निवडणारे लोक ते बघायला येणार होते. त्या संघात जागा म्हणजे नोकरी, क्वार्टर्स, आणि बापाला रापणीच्या दोरापासून सुटका. चार वर्षं तो याच एका गोष्टीची वाट बघत होता. पुढच्या वर्षी वय गेलं असतं. हे त्याने मला एकदाच सांगितलं, पालथा झोपलेला असताना, उशीत तोंड खुपसून.

बाराव्या दिवशी तो आला तेव्हा सोबत त्याच्या वाडीच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष होते. सत्तरीचे, स्वतः जुने खेळाडू, दोन्ही कान कबड्डीत चुरगळलेले. ते खुर्चीवर बसले आणि मी मांडी तपासायला घेतली. टेप लावली, डावी मांडी उजवीपेक्षा अजून दीड बोट जास्त. पालथं झोपवून गुडघा वाकवला. उजवी टाच सहज मागे टेकली. डावी टाच दीड वीत अलीकडेच थांबली, आणि त्याने श्वास आत घेतला. मग मी त्याला उताणं करून मांडीवर अंगठा ठेवला. मधोमध एक गाठ होती, लिंबाएवढी, कडेने कडक आणि मध्ये दबणारी. ती कोमट होती. बाराव्या दिवशी गाठ कोमट असते तेव्हा आतलं काम अजून चालू असतं. त्या जागेवर दुसरा मार बसला तर काय होतं हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि कोल्हापूरला एकदा प्रत्यक्ष पाहिलंही होतं.

म्हणजे मला उत्तर माहीत होतं. यात शंकेला जागा नाही, आणि मी ती नंतरही कधी तयार करू शकले नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, माका एकच सांगा. ह्यो खेळतलो काय नाय?"

तो छताकडे बघत होता.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मला आदल्या वर्षीची गोष्ट आठवली. दुसऱ्या एका वाडीचा खेळाडू मी असाच थांबवला होता. तो संघ पहिल्याच सामन्यात हरला. नंतर सहा महिने त्या वाडीतून माझ्याकडे कोणी फिरकलं नाही, आणि बाजारात माझ्या ऐकण्यात येईल अशा बेताने एकजण म्हणाला होता, "बाईलमाणसाक कबड्डीतला काय कळता?" मला त्याचा राग आला होता. पण बाराव्या दिवशी सकाळी जे वाटलं तो राग नव्हता. ती सरळ भीती होती. नाही म्हटलं की मी त्याची नोकरी घालवली, वाडीचा चषक घालवला, आणि हे सगळं माझ्या एकटीच्या माथी. हो म्हणायला जीभ धजत नव्हती.

तेव्हा मी हसल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मी काय सांगू? देवाक इचारा."

हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आमच्याकडे वाटत नाही. गावचा देव हा आमच्याकडे घरातल्या थोरल्या माणसासारखा असतो, त्याला विचारल्याशिवाय विहीर खणत नाहीत की मुलीचं लग्न ठरवत नाहीत. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गावाच्या वतीने प्रश्न घालतो, आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याला कौल म्हणतात. माझं स्वतःचं कोल्हापूरला शिकायला जाणंसुद्धा आमच्या फोंडाघाटच्या देवाने दिलेल्या कौलावर ठरलं होतं. त्यामुळे माझ्या तोंडून ते आलं त्यात नवल काही नाही. नवल एवढंच की पांढरा कोट घालून, हातात टेप धरून, उत्तर माहीत असताना मी ते बोलले.

अध्यक्षांचा चेहरा उजळला. "ह्या बरा सांगितलात," म्हणत ते उठले. तोही उठून बसला आणि माझ्याकडे बघून हसला. जाताना त्याने पायरीवर चपला चढवल्या आणि मी खिडकीतून बघत राहिले.

त्या दिवशी दुपारभर माझं कामात लक्ष नव्हतं. मी मनात देवाला सांगत होते, डावा दे. खरंच सांगत होते, हात जोडल्याशिवाय, एका म्हातारीच्या खांद्याला मशीन लावता लावता. देवाने नाही म्हणावं, म्हणजे कोणाला माझा राग येणार नाही आणि पायही वाचेल, एवढा साधा हिशोब होता. पाचच्या सुमारास फोन वाजला. त्याचा निरोप आला होता. लिहिलं होतं, "उद्या खेळतलंय मॅडम."

म्हणजे उजवा दिला, मी समजले. फोन पालथा ठेवला आणि चहा केला. मला हलकं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण खोटं लिहून काय मिळवायचं. देवाने सांगितलंय, आता माझ्याकडे काही नाही, असं मला वाटलं आणि तो चहा मला गोड लागला.

सामना सकाळी अकराला शाळेच्या मैदानावर होता. मी बर्फाची पेटी घेऊन गेले. त्याच्या मांडीवर फोमचा जाड तुकडा ठेवून वर पट्टी बांधली. "हळू खेळ," म्हणाले. चढाई करणाऱ्याला हळू खेळ म्हणणं म्हणजे रापण ओढणाऱ्याला भिजू नको म्हणण्यासारखं आहे. पहिल्या दोन चढायांत त्याने चार गडी मारले. मांडवाखाली बसलेल्या मुंबईच्या माणसांपैकी एकाने शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तिसऱ्या चढाईला तो मध्यरेषेकडे परतत असताना कोपरारक्षक पुढे झेपावला. त्या रक्षकाचा गुडघा फोमच्या खाली चार बोटं, सरळ मांडीत गेला. कोणाला काही ऐकू आलं नाही. मला मात्र तो आवाज आल्यासारखा वाटला.

तो उठला. हसला. मला हाताने खूण केली, काही नाही म्हणून. आणखी दोन चढाया केल्या. संघ जिंकला.

तीन वाजता त्याच्या भावाने मला बोलावलं. तो शाळेच्या वर्गात बाकावर आडवा होता, आणि त्याचा चेहरा ओल्या वाळूच्या रंगाचा झाला होता. मांडी इतकी फुगली होती की कातडी चकाकत होती. हात ठेवला तर लाकडावर ठेवल्यासारखा. गुडघा अर्धा इंच हलवला आणि त्याने माझं मनगट धरलं. ते त्याने इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे चार निळे डाग होते. स्नायूंच्या पिशवीत रक्त भरत गेलं होतं आणि आता ते स्नायूंचाच गळा आवळत होतं. अशा वेळी हातात थोडेच तास असतात. दारात कोणीतरी वाटीत तेल गरम करून आणलं होतं. मी ती वाटी त्याच्या हातातून हिसकावून मैदानात फेकली.

गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं. हायवेवर जत्रेच्या गाड्या अडकल्या होत्या म्हणून ड्रायव्हरने आरोंद्याच्या बाजूने, आतल्या रस्त्याने घेतलं. मी मागे बसून त्याचा पाय धरून ठेवला होता. वाटेत तो एकदाच बोलला. "मॅडम, तेंनी बघल्यानी मां?" निवड करणाऱ्या माणसांनी आपला खेळ पाहिला ना, असं विचारत होता. मी म्हटलं, होय रे, बघल्यानी.

सर्जनने मांडी उभी चिरली. बाहेर येऊन ते मला म्हणाले की पुढच्या चारपैकी जवळजवळ दोन स्नायू काळे पडले होते, ते काढावे लागले. पाय वाचला. "थोडं आधी आला असतात," असं ते म्हणाले, आणि त्यांना दुपारच्या तासांबद्दल म्हणायचं होतं. मला आदल्या दिवशीची सकाळ आठवली.

पुढचं दीड वर्ष तो पाय माझ्या हातात होता. जखम भरल्यावर, दुसऱ्या मांडीची कातडी तिथे बसवल्यावर, रोज सकाळी दहाला तो पुन्हा यायला लागला. मी गुडघा एकेका अंशाने वाकवत गेले. जिथे गाठ होती तिथे आता खड्डा होता, माझी मूठ बसेल एवढा. मी त्याला उभं केलं, चालवलं, पायऱ्या चढवल्या. त्याची आई दर गुरुवारी केळीच्या पानात बांधून मासे आणायची, कधी मोरी, कधी सौंदाळे, आणि म्हणायची, "तुमी नसतात तर माझ्या झिलाचो पाय गेलो असतो गो बाय." मी मासे घ्यायची. घरी येऊन ते साफ करताना मला कापलेल्या मांसाकडे बघवत नसे, पण करायची. न घेणं म्हणजे खरं काय ते सांगणं झालं असतं.

तो पुन्हा धावला नाही. लाटेत पाय रोवून दोर ओढणंही त्याला जमेना. रापण येते तेव्हा तो वाळूत बसून मासे निवडतो. बाप अजून ओढतो. मुंबईच्या लोकांनी त्याच्याऐवजी दुसऱ्याला नेलं.

मला कोणी एका शब्दाने दोष दिला नाही. या गोष्टीचा माझ्यावर काय परिणाम झाला ते सांगणं कठीण आहे. कोणी आरडाओरडा केला असता तर मी उलट आरडाओरडा केला असता आणि प्रकरण मिटलं असतं. तसं झालं नाही. तो बाजारातून जातो तेव्हा त्याची चाल मी आत बसून ओळखते. उजवी चप्पल पडते, मग थोडा वेळ जातो, मग डावी घासत येते. त्या मधल्या वेळात माझा हात चालू असेल तिथे थांबतो. पेशंटना वाटतं मी काहीतरी शोधतेय. कधीकधी तो मालवणात नसतो, त्याच्या आईकडून मला ते माहीत असतं, तरी दुपारी बाजार शांत झाला की ती चाल मला ऐकू येते. मी उठून दाराशी जाते. रस्त्यावर कोणी नसतं. असं पहिल्या वर्षी व्हायचं, आणि आज नऊ वर्षांनीही होतं. नवऱ्याला मी हे सांगितलेलं नाही.

मी स्वतःची समजूत कशी घातली होती तेही सांगते. मी ते देवावर टाकलं होतं. मी चुकले, पण देवही चुकला. मी भ्याले, पण त्यानेही उजवा दिला. आम्ही दोघांनी मिळून त्या पोराचा पाय घालवला, असं मी मनात बोलायची, आणि अर्धं ओझं तिकडे सारल्यावर उरलेलं अर्धं मला कसंबसं पेलत होतं. जिथे कौल लावला होता त्या देवळात मी पुन्हा गेले नाही. रुसलेल्या भागीदाराला टाळावं तसं मी त्याला टाळत आले.

गेल्या वर्षापासून तो मुलींच्या संघाला शिकवतो. चांगला शिकवतो. या हिवाळ्यात तो एका चढाईवालीला घेऊन माझ्याकडे आला. बावीस वर्षांची, आडदांड, तोंडाची फटकळ. उजव्या मांडीला गुडघा बसलेला, आठवा दिवस. मी टेप लावली, पालथं झोपवून गुडघा वाकवला, अंगठ्याने गाठ चाचपली. रविवारी सामना आहे, ती म्हणाली. मी म्हणाले, "नाय. तीन आठवडे मैदानात पाय ठेवूचो नाय." ती वाद घालायला लागली. त्याने तिला एका शब्दाने गप्प केलं. मग ती मांडीवर बर्फ ठेवून आतल्या खोलीत पडून राहिली आणि बाहेर आम्ही दोघंच उरलो.

तो खुर्चीवर बसला होता, डावा पाय पुढे लांब करून, कारण तो पूर्ण वाकत नाही. मी त्याच्यासमोर स्टुलावर बसले आणि सांगितलं. कसं सांगायचं याची नऊ वर्षं तयारी केलेली, त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

"त्या दिवशी माका म्हायत होता," मी म्हणाले. "तू खेळूक नको होतंस, ह्या माका म्हायत होता. गाठ हाताक लागत होती. मी भियालंय. म्हणान देवाक इचारूक सांगलंय. आणि देवान उजवो दिल्यान."

आतून बर्फाची पिशवी सरकल्याचा आवाज आला.

"देवान उजवो दिल्यान नाय मॅडम," तो म्हणाला. "डावो दिल्यान. दोनदा लायलो. दोनदा डावो."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. पहिला कौल डावा आला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, परत लावा. परत डावा आला. सगळे उठायला लागले होते. तोही उठला होता, घरी जाऊन पडायचं त्याने ठरवलं होतं. तेव्हा अध्यक्षांनी सगळ्यांना थांबवलं आणि देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं. ते त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. त्याने खालच्या आवाजात, जमिनीकडे बघत ते म्हणून दाखवलं.

"बा देवा म्हाराजा, तू डावो दिलंस ता आमी बघलाव. पण डॉक्टरीण बाय शिकलेली आसा. तिना पाय हातात धरून बघल्यान, आणि खेळू नको म्हणान सांगितल्यान नाय. वायट असता तर तिना सांगितल्यान असता. तेव्हा तू राग धरू नको, आणि ह्या झिलाच्या पाठीशी उभो रव."

"मगे?" मी विचारलं.

"मगे सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटल्यानी," तो म्हणाला. "मी पण म्हटलंय."

मी त्याला विचारलं की हे त्याने इतकी वर्षं मला का सांगितलं नाही. "दीड वरस तुमी माझो पाय हातात धरून बसलात," तो म्हणाला. "तेव्हा कसा सांगूचा?"

मग तो खुर्चीचे हात धरून उठला आणि मुलीच्या बर्फाची वेळ झाली का ते बघायला आत गेला.